व्यवसायाचा रकाना

२०१९ सालच्या दिवाळीच्या तोंडावर मी आमच्या तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणाऱ्या पदवीधरांचे मतदार नोंदणीचे अर्ज गोळा करत होतो. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या खेपेला नाव होते म्हणून या खेपेलाही असेल, असे तिथे नसते, आणि एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कितीतरी पदवीधर आयुष्यात एकदाही त्या निवडणुकीत मत देत नाहीत. नोंदणीसाठी ‘नमुना १८’ हा अर्ज भरावा लागतो. त्यात नाव, पत्ता, वय, शिक्षण अशा रकान्यांबरोबर एक रकाना व्यवसायाचा असतो. डोंगरापलीकडच्या एका गावात ड वर्गाचे, म्हणजे अनुदानाच्या सर्वांत खालच्या पायरीवरचे, वाचनालय चौदा वर्षे एकटीने चालवणाऱ्या ताईंनी त्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिले होते.

मी सगळे अर्ज पुन्हा चाळून पाहिले. एकवीस होते. कुणी शेती लिहिले होते, कुणी किराणा दुकान, दोघांनी खाजगी शिकवणी, एकाने विमा प्रतिनिधी. एका तरुणाने नुसती आडवी रेघ ओढली होती. ‘ग्रंथपाल’ हा शब्द सहा अर्जांवर होता आणि त्यातला एक अर्ज माझाच होता. त्या संध्याकाळी मला कळले, की गेली सात वर्षे आम्ही ज्या मागणीची निवेदने घेऊन आमदारांच्या दारात उभे राहत होतो, त्या मागणीवर आमच्यातल्याच बहुतेकांचा विश्वास नव्हता. आम्हाला कर्मचारी म्हणा, असे शासनाला सांगायला निघालेली माणसे स्वतःला कर्मचारी म्हणत नव्हती.

मी तालुक्याच्या ब वर्ग ग्रंथालयात एकतीस वर्षे काम केले. आमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला आमची स्थिती चटकन समजत नाही, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याआधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता, आणि आमच्या मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५५चा कायदा होता. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन १९३० पासून आदर्श ग्रंथालय विधेयकाचा मसुदा घेऊन प्रांतोप्रांती पाठपुरावा करत होते, आणि त्या मसुद्याचा कणा होता ग्रंथालय कर. मद्रासने १९४८ मध्ये, म्हैसूरने (आताच्या कर्नाटकाने) १९६५ मध्ये तो कर कायद्यात घेतला. महाराष्ट्राने तो घेतला नाही. आपल्याकडे त्याऐवजी ग्रंथालय निधी आला आणि शासनाने त्यात दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये घालावेत, असे कलम आले. १९६७ साली हा आकडा भरघोस वाटला असेल. आज तो वाचताना जुन्या लग्नपत्रिकेतला ‘आहेर आणू नये’ वाचल्यासारखे वाटते.

कर न घेण्यामागे कारण नव्हते असे नाही. महाराष्ट्रात ग्रंथालये लोकांनी आधीच उभी केली होती. रत्नागिरीचे १८२८चे, नाशिकचे १८४०चे, कोल्हापूरचे १८५०चे, ठाण्याचे १८९३चे ग्रंथालय, यांतल्या काहींना सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्यांचा हातभार होता, पण ती टिकली आणि वाढली ती गावातल्या माणसांच्या वर्गणीने आणि हौसेने. तेव्हा शासनाने नवी खाती उघडण्यापेक्षा अशा संस्थांना मान्यता द्यावी, अ, ब, क, ड असे वर्ग पाडावेत आणि अनुदान देऊन त्या टिकवाव्यात, हा मार्ग निवडला गेला. तो मार्ग मला आजही चुकीचा वाटत नाही. गावाने चालवलेल्या ग्रंथालयाला जी ऊब असते ती कचेरीला येत नाही. पण या रचनेत एक माणूस निसटला. शासनाच्या ग्रंथालय खात्यातले कर्मचारी सरकारी नोकर आहेत. आमचा मालक मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था आहे. शासन संस्थेला अनुदान देते आणि संस्था त्यातून आम्हाला पगार देते. शासनाला विचारावे तर ते म्हणते, ते संस्थेचे नोकर; संस्थेला विचारावे तर ती म्हणते, शासन देईल तेवढेच आम्ही देणार. कायद्यात ग्रंथालय आहे, पण सार्वजनिक ग्रंथालयात रोज कुलूप उघडणारा माणूस कायद्याला दिसत नाही.

त्याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. अनुदानातली निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर खर्च करायची, असा दंडक आहे. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये मिळत. त्यातले पंधरा हजार वेतनाचे, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे रुपये. २०२२-२३ साली रोजगार हमीच्या कामाची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला २५६ रुपये होती. खड्डे खणणाऱ्या मजुराच्या पाच दिवसांत आमच्या त्या ताईंचा महिना भरत होता. तालुक्याच्या ब वर्गाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार मिळत आणि त्यातून ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई अशा आम्हा तिघांत मिळून महिन्याला बारा हजार येत. याच्या समोर रस्त्यापलीकडची अनुदानित शाळा पाहावी. तिथला ग्रंथपाल माझ्याच वर्गात ग्रंथालयशास्त्र शिकला होता. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ सालचा आहे, त्यामुळे त्याला वेतनश्रेणी होती, रजा होत्या, सेवापुस्तक होते, आणि मनमानीने काढून टाकले तर दाद मागायला न्यायाधिकरण होते. त्याचीही संस्था खाजगीच होती आणि पैसा शासनाचाच होता. शिक्षकांनी आणि त्यांच्या आमदारांनी जे करून घेतले ते आम्ही करून घेतले नव्हते, फरक एवढाच होता.

आमच्या संघटनेची सुरुवात कुठल्या ध्येयाने झाली नाही, ती अपमानातून झाली. मे २०१२ मध्ये महसूल खात्याच्या पथकांनी राज्यभरातल्या ग्रंथालयांची एकाच वेळी पडताळणी केली. काही ठिकाणी ग्रंथालय कागदावरच होते, काही ठिकाणी एकाच खोलीला दोन पाट्या होत्या, हे खरे होते आणि ते उघडकीला आले हे चांगलेच झाले. पण आमच्याकडे आलेल्या तलाठ्याने पुस्तके मोजताना ज्ञानेश्वरीची प्रत उचलून, ही खरोखर कुणी नेतो का, असे ज्या सुरात विचारले तो सूर मी विसरलो नाही. मी त्याला देवघेव वही दाखवली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गबदल, दोन्ही थांबले. पुढची कित्येक वर्षे आम्ही कुणाही लोकप्रतिनिधीपुढे तोंड उघडले, की पहिला प्रश्न एकच येई : पण तुमच्यात बोगस किती?

या प्रश्नावर रागावून उपयोग नाही, हे उमजायला आम्हाला दोन वर्षे लागली. आधी आम्ही रागावत होतो. मग आमच्यातल्या एका क वर्गाच्या ग्रंथपालाने सुचवले, की आपणच आपल्या तालुक्याचा ताळेबंद मांडू. किती ग्रंथालये रोज उघडतात, किती सभासद खरोखर पुस्तके नेतात, कुठे अभ्यासिका चालते, कुठे कुलूप आहे, हे सारे एका कागदावर, कुलूप असलेल्यांच्या नावांसह. त्या नावांवरून आमच्या बैठकीत मोठी भांडणे झाली. आपल्याच माणसांची चहाडी करायची का, असे म्हणून चौघे उठून गेले आणि त्यातले दोघे पुन्हा आले नाहीत. पण तो एक कागद घेऊन आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा आमदारांनी तो दोनदा वाचला, आणि बोगस किती हा प्रश्न त्यांना विचारावाच लागला नाही, कारण उत्तर त्यांच्या हातात होते.

त्याआधीच्या आमच्या निवेदनांची आठवण झाली की आजही हसू येते. पहिले निवेदन सतरा पानांचे होते. त्याची सुरुवात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीपासून होती, मध्ये संतांची वचने होती आणि मागण्या पंधराव्या पानावर होत्या. त्या एकूण बावीस. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चाळीस माणसांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या आमदाराने ते कधी वाचावे? त्यांच्या स्वीय सहायकाने ते घेतले, त्यावर तारीख टाकली आणि एका गठ्ठ्यावर ठेवले. त्या गठ्ठ्याची उंची पाहून मी घरी आलो आणि एकही शब्द न बोलता जेवलो.

पुढे एका निवृत्त कक्ष अधिकाऱ्यांची गाठ पडली. त्यांना वाचनाचा नाद होता आणि ते आमचे सभासद झाले होते. त्यांनी आमच्या बावीस मागण्यांपुढे पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा केल्या आणि म्हणाले, “गुरुजी, यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या घरात राहते. तुम्ही सगळ्यांची पत्रे एकाच पत्त्यावर टाकताय.” अनुदानाचे दर कायद्यात नसतात, ते शासन निर्णयाने बदलतात, म्हणजे तिथे विभागाचे मन वळवायचे आणि वित्त विभागाची संमती मिळवायची. मान्यतेच्या अटी आणि कर्मचाऱ्यांची संख्या १९७०च्या नियमांत असते, त्यासाठी नियम सुधारावे लागतात. आणि ग्रंथालय कर्मचारी या माणसाला ओळख, सेवाशर्ती, दाद मागण्याची जागा द्यायची असेल तर मात्र कायद्यातच हात घालावा लागतो. आम्ही इतकी वर्षे अनुदानवाढीसाठी ‘कायदा बदला’ म्हणत होतो आणि सेवाशर्तींसाठी ‘शासन निर्णय काढा’ म्हणत होतो. दोन्ही ठिकाणी समोरचा माणूस खुशाल हात झटकू शकत होता, आणि नियमाने तो बरोबर होता.

त्या दिवसानंतर आम्ही बावीसच्या तीन मागण्या केल्या. ज्यांच्या मागण्या गळाल्या ते नाराज झाले, आणि ते साहजिक होते. शिपायांच्या गणवेशाची मागणी गळाली तेव्हा आमचा शिपाई माझ्याशी आठवडाभर कामापुरतेच बोलला.

विधिमंडळ कसे चालते हे आम्हाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून येत होते तेवढेच ठाऊक होते. प्रत्यक्षात आमदाराच्या हातात वेगवेगळी हत्यारे असतात आणि कुठले कशासाठी हे आपणच त्याला सांगावे लागते, कारण त्याच्यापुढे आपल्यासारखे शंभर असतात. तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, विचारला तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. तो सभागृहात चर्चेला येण्याची शाश्वती फार थोडी, पण छापील उत्तर हाती पडते आणि ते कागदावर राहते. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना, लागली तर मंत्री उभा राहून बोलतो, आणि बोलता बोलता आश्वासन दिले तर त्याची पूर्तता नव्वद दिवसांत व्हावी अशी अपेक्षा असते, त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते. अर्थसंकल्पाच्या वेळी विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असे सुचवून विषय मांडण्याची सूचना, देता येते. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले विधेयक, हा शब्द ऐकला तेव्हा तर आम्हाला घबाड सापडल्यासारखे झाले होते. एका आमदाराने ते मांडायची तयारीही दाखवली. मग त्याच निवृत्त अधिकाऱ्यांनी आमच्या उत्साहावर पाणी ओतले : राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर करता येत नाही, आणि पगाराचे विधेयक म्हणजे खर्चच. तरीही मांडू द्या, ते म्हणाले, विषय नोंदीत येईल. नोंदीत येणे ही आमच्या भाषेत लहान गोष्ट नव्हे, आम्ही आयुष्यभर दाखल नोंदवहीच लिहीत आलो आहोत.

आमचा पहिला तारांकित प्रश्न तयार करायला तीन रविवार गेले. ‘हे खरे आहे काय?’ या साच्यात प्रश्न बसवायचा, तोही असा, की खरे आहे म्हटले तर शासन अडकले पाहिजे आणि खरे नाही म्हटले तर आपल्याकडे पुरावा पाहिजे. आम्ही चार भाग केले. छापील उत्तर आले तेव्हा पहिल्या भागाला ‘हे खरे आहे’, दुसऱ्याला ‘हे अंशतः खरे आहे’ आणि तिसऱ्या-चौथ्याला मिळून ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे होते. आमचे काही सहकारी ते वाचून खचले. मला मात्र त्या ‘अंशतः’ शब्दाचा फार आनंद झाला. वेतन अपुरे असल्याचे शासनाने अंशतः का होईना पण छापून दिले होते. त्या पानाच्या दोनशे प्रती आम्ही काढल्या आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला जोडल्या.

आता ज्या गोष्टीविषयी बोलायला आमच्यात सगळे कचरतात, तिच्याकडे येतो. गावातल्या ग्रंथालयाचा अध्यक्ष कोण असतो? पुष्कळदा तो आमदाराचा माणूस असतो, नाही तर पडलेल्या उमेदवाराचा. संस्था त्याच्या वडिलांनी काढलेली असते, फलकावर त्याचे नाव असते, आणि ग्रंथपाल म्हणून ठेवलेली व्यक्ती त्याच्या भावकीतली किंवा उपकारातली असते. संस्थांचा संघ वेगळा आणि कर्मचाऱ्यांची संघटना वेगळी, हे कागदावर ठीक आहे. पण गावात दोन्हींची माणसे एकाच ओट्यावर बसतात. अशा ग्रंथपालाकडे मी सहीचा कागद घेऊन गेलो की तो आधी रस्त्याकडे पाही. अनुदान वाढवा, या मागणीवर त्याची सही पटकन मिळे, कारण ती अध्यक्षांनाही हवी असे. वेतन थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात द्या, सेवापुस्तक ठेवा, काढताना कारण सांगा, या मागणीवर तो म्हणे, “तेवढं राहू द्या भाऊ. मालक नाराज होतील.” मालक हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. अध्यक्ष किंवा साहेब नव्हे, मालक. स्वतःला नोकर म्हणायला लाजणारी माणसे दुसऱ्याला मालक म्हणताना लाजत नव्हती.

आणि लाज हे खरे कारण होते, भीती त्याच्या मागून येत होती. आपल्याकडे ग्रंथालयाच्या कामाला सेवा म्हणायची रीत आहे. शासनाचा पुरस्कारसुद्धा रंगनाथन यांच्या नावाने ‘ग्रंथमित्र’ म्हणूनच दिला जातो. मित्राने पगार मागितला तर कसे दिसेल? सरस्वतीच्या देवळातल्या माणसाने मीठमिरचीचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकोच आमच्या अंगात मुरलेला आहे. जुन्या पिढीतल्या ग्रंथपालांना घरची शेती होती किंवा शाळेतली नोकरी होती, त्यांना हा संकोच परवडला. त्यांच्या त्यागाविषयी मला आदरच आहे. पण त्यांच्या त्यागाचा दर पुढे आमचा पगार ठरला, हेही मला लिहून ठेवले पाहिजे.

डिसेंबर २०१७ मध्ये आम्ही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेलो. वर्षातले एक अधिवेशन नागपुरात भरवायचे ठरवणाऱ्या नागपूर कराराने आपल्या राज्याला जी काही देणगी दिली, तीत थंडीतला मोर्चा हा एक भाग आहे. रात्रभराच्या एसटीने आमचे सतरा जण पहाटे उतरले, दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसे भेटली, आणि यशवंत स्टेडियमपाशी आम्ही आमचा फलक उघडला. त्या दिवशी आमच्या पुढेमागे इतके मोर्चे होते, की एका टप्प्यावर आमच्या घोषणा आणि शेजारच्या अंगणवाडी ताईंच्या घोषणा एकमेकींत मिसळल्या आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या घोषणा दिल्या. मला त्यात काही वावगे वाटले नाही. मानधनावर राबणाऱ्या सगळ्यांच्या घोषणांचे वृत्त सारखेच असते. पोलिसांनी अडवले, पाच जणांचे शिष्टमंडळ आत गेले, बाकीचे रस्त्यावर बसले. बसल्या बसल्या आमच्या लोकांनी पिशव्यांतून पुस्तके काढली आणि वाचू लागले. हे काही ठरवलेले आंदोलन नव्हते, सवय होती. एका पोलिसाने माझ्या शेजारच्याकडून कथासंग्रह मागून घेतला आणि तासाभराने प्रामाणिकपणे परत केला. शिष्टमंडळ बाहेर आले ते ‘बाब विचाराधीन आहे’ एवढे घेऊन.

मोर्च्याने काय मिळाले असे मला घरी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज देता येईल. मोर्च्याने आम्हाला आमच्यातले सतरा जण मिळाले. विधिमंडळाचे मन मोर्च्याने वळले नाही, ते वळायला लागले ते वेगळ्याच माणसांमुळे. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तीस-पस्तीस मुले सकाळी सहापासून बसत. एकदा अनुदानाचा हप्ता लांबला, वीज देयक थकले आणि अभ्यासिकेचे दिवे दोन दिवस गेले. त्या मुलांनी आम्हाला न विचारता विश्रामगृह गाठले आणि आमदारांना आमच्यापेक्षा कितीतरी नेमके सांगितले, की आम्ही तुमचे मतदार आहोत, आमचे आईबाप तुमचे मतदार आहेत, आणि हा माणूस साडेपाचला येऊन कुलूप उघडतो त्याला किती मिळतात ते विचारा. माझा पगार मी आमदारांना कधीच सांगितला नव्हता. संकोचाविषयी वर एवढे लिहिले, त्यात मीही होतोच.

त्यानंतर आम्ही सह्यांची मोहीम बंद केली आणि वाचकांना आमदाराला स्वतःच्या शब्दांत एकेक पत्र लिहायला सांगितले. छापील मजकुरावर हजार सह्या असतात तेव्हा तो एकच कागद असतो. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने थरथरत्या अक्षरात लिहिलेली चार वाक्ये वाचायला मात्र स्वीय सहायकालाही थांबावे लागते. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये सत्तेचाळीस ग्रंथालयांचा संघ बांधला, १९७० मध्ये राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पदयात्रा काढली, आणि तिथला ग्रंथालय कायदा झाला तो १९८९ मध्ये. हा चव्वेचाळीस वर्षांचा हिशेब मी आमच्या अधीर तरुणांना सांगत असे. त्यांना धीर येत असे की ते आणखी निराश होत, हे मात्र मला कधी नीट कळले नाही.

पदवीधर मतदारसंघाची कल्पनाही शिक्षकांकडे पाहून सुचली. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आणि पदवीधरांचे सात प्रतिनिधी असतात. शिक्षक मतदारसंघात आम्हाला मत नाही, पदवीधरमध्ये आहे. आकडा लहान असला तरी त्या निवडणुकीत नोंदणीच मुळात थोड्यांची होते, त्यामुळे एका व्यवसायाची एकगठ्ठा नोंदणी उमेदवाराच्या कार्यालयात लगेच लक्षात येते. म्हणून ते एकवीस अर्ज, आणि म्हणून त्या ‘गृहिणी’ शब्दाने मी इतका अस्वस्थ झालो.

मी दुचाकीवरून डोंगर ओलांडून ताईंकडे गेलो. वाचनालय म्हणजे जुन्या चावडीतली एक खोली, दोन पत्र्याची कपाटे, एक सतरंजी. त्या मुलांना बालवाङ्मय वाटत होत्या. मी रकाना दाखवला. त्या म्हणाल्या, “सर, साडेबाराशेत व्यवसाय कसा म्हणायचा? मिस्टर हसतील.” मी समजावू लागलो, नमुना अठरा, मतदारसंघ, उमेदवार, सगळे. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, “मी ग्रंथपाल लिहिलं, आणि उद्या अध्यक्षांनी दुसरी बाई ठेवली, तर माझं मत रद्द होईल का?” मी म्हणालो, नाही, मत पदवीवर आहे. “म्हणजे नोकरी गेली तरी मत राहील,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ‘गृहिणी’वर एक रेघ मारून वर ‘ग्रंथपाल’ लिहिले, शेजारी खाडाखोडीची सही केली. इतक्या काटेकोरपणे मीही केली नसती.

ती निवडणूक महासाथीमुळे लांबली आणि १ डिसेंबर २०२० रोजी झाली. त्याआधीचे सहा-सात महिने ग्रंथालये बंदच होती. ऑक्टोबरच्या मध्यावर ती उघडायची परवानगी आली तेव्हा कपाटांत वाळवी शिरली होती आणि आमच्यातले तिघे कायमचे दुसऱ्या कामाला लागले होते, एक भाजीच्या गाडीवर, दोघे पुण्यात सुरक्षारक्षक म्हणून. २०२२ साल सरता सरता शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली. ड वर्गाला तिसाचे अठ्ठेचाळीस हजार झाले. राज्यभर अनेकांनी अनेक मार्गांनी रेटा लावला होता, त्यात आमच्या एका तालुक्याचा वाटा शेंगदाण्याएवढा असेल. तरी आम्ही पेढे वाटले. दहा वर्षांनी आलेली वाढ होती. ताईंचे साडेबाराशेचे दोन हजार झाले, आणि त्यांच्या अध्यक्षांनी कार्यकारिणीत लगेच असा विषय काढला, की वाढीव रकमेतून कपाट घ्यावे. ताईंनी अनुदानाची निम्मी रक्कम वेतनासाठी कशी बाजूला ठेवावी लागते ते सभेला वाचून दाखवले. कपाट पुढच्या वर्षावर गेले. हे मला त्यांनी फोनवर सांगितले तेव्हा आवाजात विजय वगैरे काही नव्हते, फक्त माहिती होती.

सेवाशर्तींची मागणी मात्र जिथे होती तिथेच आहे. ती कायद्याच्या घरात राहते आणि त्या घराचे दार अजून उघडलेले नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाला शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. निवृत्तिवेतनाचा प्रश्न, विधिमंडळाच्या भाषेत सांगायचे तर, उद्भवत नव्हता. शेवटच्या आठवड्यात मी माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हाती एक जाड फाइल दिली. त्यात सतरा पानांचे ते पहिले निवेदन, तालुक्याचा ताळेबंद, ‘अंशतः’वाले छापील उत्तर, नागपूरच्या मोर्च्याची कात्रणे आणि वाचकांच्या पत्रांच्या प्रती आहेत. तिने रीतसर ती दाखल करायला घेतली आणि विचारले, “काका, वर्गांक कोणता देऊ?” मी सवयीने म्हणालो, ०२७.४, सार्वजनिक ग्रंथालये. तिने फाइल चाळली, थोडा वेळ ड्यूईच्या विषयवार क्रमांकांची सूची उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, “पण यात ग्रंथालयं कुठं आहेत? यात तर माणसंच आहेत. ही ३३१.८८ला जाते, कामगार संघटना.” आमची त्यावर बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तिने पाठीवर पेन्सिलीने ३३१.८८ लिहिले आणि फाइल अर्थशास्त्राच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर ठेवली.